हौसेला मोल नसतं, पण गुडघ्याला?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायची आणि आजीच्या पत्रांमधून वाचायची, एवढाच काय तो संबंध. अजूनही कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी आधी मनातल्या मनात 'सिक्स्टी नाइन' करते (आणि कधीकधी ते 'सेव्हंटी नाइन'ही होतं!). म्हणून या लेखात मोठे आकडे सरळ आकड्यांत लिहिले आहेत. चुका दिसल्या तर मोठ्या मनाने माफ करा आणि पुढे वाचा, कारण विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

विषय आहे अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल. "ते तिकडे आणि आपण इकडे, त्याचं आपल्याला काय?" असं तुम्ही म्हणाल. सांगते.

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या मुलींच्या टीमची गोलकीपर, म्हणजे माझी रूममेट, बॉल अडवायला पुढे धावली आणि पडली. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, मग कित्येक महिने फिजिओथेरपी. हा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच टेबलावर मिळेना. या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरताना एका ठिकाणी ऐकायला मिळालं, "अगं, खेळायची सक्ती केली होती का कोणी? स्वतःच्या हौसेनेच खेळत होतीस ना?" शेवटी तिच्या बाबांनी एफडी मोडली. त्या दिवशी तिने घातलेल्या जर्सीवर पुढे कॉलेजचं नाव होतं, मागे स्पॉन्सरचं नाव होतं. तिचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

तो 'हौस' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. इंग्रजीत ज्याला 'अमॅच्युअर' म्हणतात, त्याला मराठीत आपण 'हौशी' म्हणतो. हौशी खेळाडू, हौशी नाट्यसंस्था. आणि आपल्याकडे म्हणच आहे, हौसेला मोल नाही. एथिक्सच्या सेमिनारला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं की हाच शब्द घ्यायचा आणि जिथे त्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा, सगळ्यात जास्त भांडणं आणि सगळ्यात जास्त कोर्टकेसेस झाल्या, तिथेच जाऊन तो तपासायचा. ती जागा म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल.

आधी हे कुठलं फुटबॉल?

आपण खेळतो त्याला तिकडे 'सॉकर' म्हणतात. त्यांचं फुटबॉल वेगळं. लांबट बॉल, तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, एका वेळी मैदानात प्रत्येकी 11 खेळाडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड्स, आणि धडका अशा की बघणाऱ्याचंच अंग दुखावं. पहिली कॉलेज मॅच 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांमध्ये झाली असं मानतात.

आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे राखीव खेळाडू, दोन-चार रूममेट्स आणि वडापाववाले काका. तिकडे मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता आहे 1,07,601. वानखेडेवर साधारण 33 हजार लोक बसतात. म्हणजे एका कॉलेजच्या मैदानात तीन वानखेडे! तिकीट, टीव्ही, जाहिरात, टोप्या, टी-शर्ट... पैशांचा पाऊस. आणि 2021 पर्यंत नियम काय होता? ज्या मुलांना बघायला हे लाखभर लोक येतात, त्यांनी स्वतःच्या नावावर एक डॉलरही कमवायचा नाही. शिष्यवृत्ती मिळेल: फी, राहणं, जेवण, पुस्तकं. बाकी फारसं काही नाही. का? तर ते 'हौशी' आहेत.

'मेकॅनिक चालणार नाही'

'अमॅच्युअर' शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ 'प्रेम करणारा'. ऐकायला किती छान! आमच्या शाळेतल्या सिस्टर पण हेच सांगायच्या, खेळावर प्रेम म्हणून खेळा, कपासाठी नको. मी ते मनापासून मानायची, अजूनही मानते.

पण या शब्दाचा नियम कसा बनला ते वाचलं आणि मला धक्काच बसला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये श्रीमंत घरातली मुलं नावा वल्हवण्याच्या शर्यती खेळायची. रोज हाताने काम करणारे कामगार त्यांना हरवतील अशी भीती होती. मग हेनली इथल्या प्रसिद्ध शर्यतीच्या नियमांत 1879 मध्ये लिहिलं गेलं की जो मजुरीवर काम करणारा मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर आहे, तो अमॅच्युअर धरला जाणार नाही. त्याने शर्यतीतून पैसे घेतले असोत की नसोत!

आम्ही मेकॅनिकलवाले, म्हणजे आम्हाला तिथे प्रवेशच नाही! वर्कशॉपमध्ये जॉब फाइल करता करता मी हे मैत्रिणींना सांगितलं तेव्हा सगळ्या हसल्या. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हौस परवडायला घरी पैसा लागतो. ज्याच्याकडे तो आहे त्यानेच 'पैसे न घेता खेळणं म्हणजे शुद्ध खेळ' असा नियम केला. म्हणजे नियम दिसतो प्रेमाचा, पण काम करतो कुंपणाचं.

अमेरिकेच्या कॉलेजांनी हा शब्द इंग्लंडकडून घेतला. पण गंमत बघा, तिथे शुद्ध हौस अशी कधी नव्हतीच. अमेरिकेतली पहिली आंतरकॉलेज स्पर्धा म्हणजे 1852 सालची हार्वर्ड आणि येल यांच्यातली नावांची शर्यत. तिचा खर्च कोणी केला? एका रेल्वे कंपनीने, कारण त्या तळ्यापर्यंत तिची गाडी जायची आणि तिला प्रवासी हवे होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून स्पॉन्सर हजर!

पुढे फुटबॉलमध्ये मुलं जखमी होऊन मरायला लागली. 1905 साली तर अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. त्यातूनच 1906 मध्ये कॉलेजांची एक संघटना उभी राहिली, जिला 1910 पासून एनसीएए म्हणतात. म्हणजे ही संघटना मुळात खेळाडूंचा जीव वाचवायला जन्मली. तिने पैशांवरही बंदी घातली, पण ती कागदावरच राहिली. 1929 मध्ये कार्नेगी फाउंडेशनने अहवाल काढला. पाहणी केलेल्या 112 कॉलेजांपैकी 81 कॉलेजं खेळाडूंना या ना त्या वाटेने आमिष देत होती. कुणाला खोटी नोकरी, कुणाला माजी विद्यार्थ्यांकडून पाकीट. शेवटी 1956 मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला अधिकृत परवानगी मिळाली.

एका शब्दाची फॅक्टरी

आता लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे माझी रूममेट मला सारखी आठवत होती.

कोलोरॅडो राज्यात नेमेथ नावाचा एक विद्यार्थी डेन्व्हर विद्यापीठाकडून फुटबॉल खेळायचा. त्याला कॅम्पसवर टेनिस कोर्ट वगैरेची देखभाल करायचं काम मिळालं होतं, आणि ते काम टीममध्ये असण्यावर अवलंबून होतं. सरावात त्याच्या पाठीला दुखापत झाली. 1953 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हा कर्मचारी आहे, कामगारांना मिळते तशी भरपाई याला द्या.

कॉलेजांच्या पोटात गोळा आला. प्रत्येक खेळाडू जर कर्मचारी ठरला, तर प्रत्येक मोडलेल्या हाडाचं बिल आपल्याकडे! त्या वेळी एनसीएएचे प्रमुख होते वॉल्टर बायर्स. त्यांच्या काळात 'स्टुडंट-ॲथलीट' म्हणजे 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द घडवला गेला आणि तो सगळ्या नियमांत, सगळ्या पत्रकांत ठासून बसवला गेला. हा माझा आरोप नाही. बायर्स यांनी निवृत्तीनंतर 1995 मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी स्वतःच सांगितलं की खेळाडूंना कर्मचारी ठरवलं जाईल या भीतीपोटी हा शब्द आणला.

शब्दाने काम चोख केलं. 1955 मध्ये त्याच कोलोरॅडोमधल्या फोर्ट लुईस कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन मॅचमध्ये डोक्याला मार लागून मरण पावला. घरी बायको आणि लहान मुलं होती. बायकोने भरपाई मागितली. 1957 मध्ये कोर्टाने नकार दिला. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असं कोर्टाचं म्हणणं. 1974 मध्ये टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाच्या केंट वॉल्ड्रेपला अलाबामाविरुद्धच्या मॅचमध्ये मानेखाली अर्धांगवायू झाला. त्याची लढाई तर 2000 सालापर्यंत चालली आणि तोही हरला. विद्यार्थी होता, कर्मचारी नव्हता. बस्स.

"स्वतःच्या हौसेनेच खेळत होतीस ना?" हे वाक्य आणि हे निकाल शेजारी ठेवून बघा. भाषा वेगळी आहे, अर्थ एकच आहे. हौशी म्हटलं की बक्षीस शेअर करायची गरज नाही, हे मी एक वेळ समजू शकते. पण हौशी म्हटलं की जखमही एकट्याचीच, हे कुठलं गणित?

पैसा कुठून आला, कुठे गेला

मेकॅनिक्समध्ये आपण फ्री बॉडी डायग्राम काढतो. वस्तू बाजूला काढायची आणि तिच्यावरचे सगळे फोर्सेस बाणांनी दाखवायचे. एक बाण विसरला की उत्तर चुकलंच. इथे पैशांचे बाण काढून बघू.

1984 पर्यंत टीव्हीवर कुठल्या मॅचेस दाखवायच्या हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी केस केली आणि सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही मक्तेदारी चालणार नाही, कॉलेजांना आपले हक्क विकू द्या. मात्र त्याच निकालात हौशी खेळाच्या परंपरेचं कौतुकही केलं. परिणाम काय? कॉलेजांसाठी बाजार खुला झाला, खेळाडूंसाठी बंदच राहिला. पुढची जवळजवळ 40 वर्षं त्या कौतुकाच्या ओळी खेळाडूंच्याच विरोधात वापरल्या गेल्या.

आत येणारा बाण: 2022 मध्ये 'बिग टेन' नावाच्या कॉलेजांच्या गटाने सात वर्षांचा टीव्ही करार केला, किंमत 700 कोटी डॉलरच्या वर. बाहेर जाणारा बाण: अलाबामाचे कोच निक सेबन यांना 2023 मध्ये वर्षाला 1 कोटी 10 लाख डॉलरपेक्षा जास्त पगार होता. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये कोच जिंबो फिशर यांना काढलं आणि करार मोडल्याबद्दल जवळजवळ 7 कोटी 60 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे काम न करण्याचे एवढे पैसे! कोच हौशी नाही, कॉमेंटेटर हौशी नाही, गवत कापणाराही हौशी नाही. हौशी कोण, तर फक्त जो मार खातो तो.

आणि गावोगावचे हे गट तरी भूगोलाला धरून आहेत का? टीव्हीच्या पैशांसाठी 2024 मध्ये लॉस एंजेलिसचं यूसीएलए हे विद्यापीठ बिग टेनमध्ये गेलं, ज्यात न्यू जर्सीचं रटगर्स आहे. देशाची दोन टोकं! पॅसिफिकच्या बाजूचं स्टॅनफर्ड त्याच वर्षी 'अटलांटिक कोस्ट' गटात गेलं. म्हणजे रत्नागिरीच्या कॉलेजने बंगालच्या उपसागराच्या लीगमध्ये नाव घालण्यासारखं झालं. मग अभ्यास कधी करायचा, हा प्रश्न त्या मुलांनी विमानात बसून सोडवायचा.

अभ्यासावरून आठवलं. शिष्यवृत्ती म्हणजेच मोबदला, फुकट शिक्षण मिळतंय ना, असं म्हणणाऱ्यांसाठी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं उदाहरण आहे. 2014 मध्ये तिथल्या फुटबॉलपटूंनी युनियन करायचा प्रयत्न केला. केन कोल्टर हा त्यांचा पुढारी. सीझनमध्ये आठवड्याला 40 ते 50 तास फुटबॉललाच जातात, असं सुनावणीत नोंदवलं गेलं. कोल्टरला डॉक्टर व्हायचं होतं, पण त्यासाठी लागणारे क्लासेस आणि सराव यांची वेळ एकच. त्याला तो विचार सोडावा लागला. आपल्याकडे प्रॅक्टिकल बुडालं तर निदान रिपीट टर्म मिळते. त्याचं फुकट शिक्षण होतं खरं, पण कुठलं शिक्षण घ्यायचं हे सरावाचं टाइमटेबल ठरवत होतं. कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने हे खेळाडू कर्मचारी आहेत असं म्हटलं, पण 2015 मध्ये मुख्य मंडळाने त्या प्रकरणात पडायलाच नकार दिला.

आता हॉस्टेलच्या मंडळींसाठी खास. मेसच्या पातळ आमटीला नावं ठेवताना हे आठवा. खेळाडूंना कॉलेजने जास्तीचं काय खायला द्यायचं यावरही एनसीएएचे नियम होते. बेगल नावाचा पाव दिला तर चालेल, पण त्यावर क्रीम चीज लावलं की नियमभंग! 2014 मध्ये कनेटिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर याने पत्रकारांना सांगितलं की काही रात्री तो उपाशी झोपतो. त्याची टीम त्या वर्षी देशात पहिली आली होती. त्याच महिन्यात जेवणावरची ती मर्यादा उठवली गेली. इतकी वर्षं जे 'हौशी परंपरेला धोका' होतं, ते काही दिवसांत चालून गेलं.

कोर्टात 9 विरुद्ध 0

हळूहळू बांध फुटायला लागला. 2009 मध्ये यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने केस केली. कारण काय, तर एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब तोच खेळत होता आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं की पैसेही दिले नव्हते. 2014 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

मग 21 जून 2021. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा माजी फुटबॉलपटू शॉन ऑल्स्टन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एनसीएएच्या विरोधात गेले. निकाल तसा छोटा होता. पगार द्या असं कोर्टाने म्हटलं नाही, फक्त शिक्षणाशी संबंधित मदतीवर (कॉम्प्युटर, पुढचं शिक्षण, इंटर्नशिप वगैरे) मर्यादा घालू नका एवढंच म्हटलं. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं मत लिहून सांगितलं की असा धंदा दुसऱ्या जवळजवळ कुठल्याही क्षेत्रात कोणी केला असता तर तो बेकायदा ठरला असता. दहा दिवसांत, 1 जुलै 2021 पासून, खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली.

याचा एक हळवा पुरावा सांगते. रेजी बुश याला 2005 मध्ये सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली होती. कॉलेजात असताना त्याने पैसे आणि भेटी घेतल्या असं ठरल्यावर 2010 मध्ये ती गेली. 2024 मध्ये त्याला ती परत देण्यात आली. खेळ तोच, मॅच त्याच, रन त्याच. बदलली ती फक्त व्याख्या.

आणि 6 जून 2025 रोजी त्याच न्यायाधीश विल्किन यांनी 'हाउस' नावाच्या केसमधली तडजोड मंजूर केली. आधीच्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलर दहा वर्षांत वाटायचे, आणि 2025-26 पासून प्रत्येक कॉलेज आपल्या खेळाडूंना सरळ पैसे देऊ शकेल. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर.

म्हणजे सगळं छान झालं?

इथे लेख संपवला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण खरं सांगायचं तर नाही. पैसा आला, न्याय आपोआप आला नाही.

एक म्हणजे, पैसा सगळ्यांना सारखा मिळत नाही. देणगीदारांनी एकत्र येऊन फंड काढले आणि जाहिरातीच्या नावाखाली चांगल्या क्वार्टरबॅकला खेचायला सुरुवात केली. लाइनमध्ये उभा राहून रोज धडका खाणाऱ्याला त्या मानाने थोडकं मिळतं. मुलं वर्षावर्षाला कॉलेज बदलतात, आणि चार ठिकाणी फिरलेल्याच्या डिग्रीचं काय होणार, हे कोणी विचारत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना तर स्टुडंट व्हिसावर काम करायच्या अटी असल्यामुळे हा पैसा घेणंच अवघड. एमएसला जाणाऱ्या आपल्या सीनियर्सना हा व्हिसा चांगलाच माहीत आहे.

दुसरं मला जास्त लागतं, कारण मी मुलगी आहे. अमेरिकेत 1972 पासून 'टायटल नाइन' नावाचा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, खेळातही नाही. या कायद्यामुळे लाखो मुली मैदानावर आल्या. आता हाउस तडजोडीत मागच्या भरपाईचा सुमारे 90 टक्के वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. पैसा तेच आणतात, मग त्यांनाच मिळावा, ही एक बाजू. काही महिला खेळाडूंनी याविरुद्ध जून 2025 मध्येच अपील केलं, ही दुसरी बाजू. आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. फुटबॉलच्या पैशांवर पोहणं, धावणं, कुस्ती असे अनेक खेळ चालतात. फुटबॉलपटूंना त्यांचा वाटा दिला की या खेळांच्या पोटावर पाय येतो, अशी भीती खरी आहे. पण इतकी वर्षं त्या खेळांचा खर्च अप्रत्यक्षपणे फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या गुडघ्यांनी भरला, हेही तितकंच खरं आहे.

तिसरं, मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. खेळाडू कर्मचारी आहे की नाही? जुलै 2024 मध्ये एका अपील कोर्टाने एवढं म्हटलं की केवळ 'अमॅच्युअर' असं लेबल लावल्याने हा हक्क आपोआप जात नाही. बस, तिथपर्यंत गाडी आली आहे. नेमेथच्या केसला 70 वर्षं होऊन गेली!

मग आपण काय शिकायचं?

सेमिनार झाल्यावर एका सरांनी मला विचारलं, "मग तुझं म्हणणं काय, आपल्या टीमलाही पगार द्यायचा?" सगळा वर्ग हसला, मी पण हसले. नाही सर, पगार नको. आमच्या मॅचला लाखभर लोक येत नाहीत, आणि आम्ही खरंच हौसेने खेळतो. पहाटे साडेपाचला ग्राउंडवर जायला कोणी पैसे दिले तरी लोक उठणार नाहीत, हौस आहे म्हणूनच उठतात. अमेरिकेतही बरीच छोटी कॉलेजं, आणि हार्वर्ड-येलसारखी मोठी नावंही, खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत आणि तिथे मुलं आनंदाने खेळतात. हौस खोटी नाही.

पण 'हौसेला मोल नाही' या म्हणीचा अर्थ मी आता नीट लावते. ज्याला हौस आहे तो मोल मोजत नाही, असा तिचा अर्थ आहे. दुसऱ्याने त्याच्या हौसेचं मोल द्यायचं नाही, असा नाही. ते वाक्य बोलायचा अधिकार खेळणाऱ्याचा आहे, खिडकीमागे बसलेल्याचा नाही.

म्हणून कुणी 'हौस', 'सेवा', 'कॉलेजची इज्जत', 'अनुभव मिळेल' असं म्हणून काम सांगितलं की मी आता तीन प्रश्न विचारते. यातून पैसा येतोय का आणि तो कुठे जातोय? धोका कोण घेतंय? आणि ज्यांना धोका आहे त्यांना नियम करताना विचारलं का? हे फक्त खेळाला नाही, फेस्टिवलच्या व्हॉलंटिअरला लागू आहे, बिनपगारी इंटर्नशिपला लागू आहे, उद्या कंपनीत 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' असं ऐकू येईल तेव्हाही लागू आहे.

आपल्यापुरत्या तीन साध्या गोष्टी मी जिमखाना समितीला लिहून दिल्या आहेत, इथेही लिहिते. एक, कॉलेजच्या नावाने खेळणाऱ्या प्रत्येकाचा, मुलगा असो वा मुलगी, अपघात विमा टीम निवडली त्याच दिवशी काढावा आणि त्यात काय बसतं, काय नाही ते मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्यावं. दोन, जर्सीवर स्पॉन्सरचं नाव येत असेल तर त्याने किती दिले आणि ते कशावर खर्च झाले याचा एक कागद नोटीस बोर्डवर लावावा. तीन, मॅचमुळे बुडालेलं प्रॅक्टिकल पुन्हा करू देण्याचा नियम असावा, मेहरबानी नको. यात कुठेही पगार नाही. अर्ज पोचल्याचा शिक्का मिळाला आहे, उत्तराची वाट बघते आहे.

लेख पूर्ण झाल्यावर मी रूममेटला वाचून दाखवला. ती पलंगावर बसून गुडघ्याचे व्यायाम करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मला वाईट कशाचं वाटलं माहितेय? पैशांचं नाही गं. मी खेळले तेव्हा 'आपली गोलकीपर' होते, आणि पडले तेव्हा 'स्वतःच्या हौसेने' झाले."

ती पुढच्या सीझनला परत खेळणार म्हणते. डॉक्टरांनी हो म्हटलं तर. हौस आहे ना!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह